बुद्धिबळातले वयस्कर ग्रँडमास्टर (हा खेळातला सर्वोच्च किताब) रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, घसरत असतानाही का खेळतात? त्यात पैसे मिळतात का? तरुणांसाठी जागा सोडायला नको का?

जागा कुठली, ते आधी सांगा. ओपन स्पर्धा स्विस पद्धतीने होते, म्हणजे हरला तरी कुणी बाद होत नाही, एंट्री भरेल त्याला पट मिळतो. मी घरी बसलो म्हणून कुणाच्या पोराला जास्तीचा पट मिळत नाही. (मी ग्रँडमास्टर नव्हे, बँकेतून रिटायर झालेला साधा रेटेड खेळाडू. पण टोमणे तेच ऐकतो.)

जुना दिग्गज ग्रँडमास्टर कोर्चनॉय 2011 साली जिब्राल्टरला खेळला तेव्हा 79 वर्षांचा होता. समोर 18 वर्षांचा ग्रँडमास्टर कारुआना, रेटिंग 2700 च्या वर, म्हणजे जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी. म्हाताऱ्याने काळ्या मोहऱ्यांनी त्याला हरवला आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय विजेताही झाला. माजी जगज्जेता स्मिस्लॉव 1984 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी, कँडिडेट्सची, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेची, फायनल खेळला. कास्पारोवकडून हरला, पण तिथवर पोचला तो काही ज्येष्ठ नागरिकांच्या कोट्यातून नव्हे. आपले प्रवीण ठिपसे तर ग्रँडमास्टरच झाले 1997 ला, अडतिशीच्या घरात.

आता माझं ऐका. दादरला एका शाळेत क्लासिकल स्पर्धा होती. 90 मिनिटं आणि चालीमागे 30 सेकंद. वर्गातल्या बाकांवर पट मांडलेले, माझे गुडघे बाकाखाली मावेनात. समोर दहा-अकरा वर्षांचा मुलगा, रेटिंग माझ्यापेक्षा बरंच वर. ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, कॉम्प्युटरच्या इंजिनवर घोटून आणलेली, धडाधड खेळायचा आणि पंख्याकडे बघत बसायचा. मधल्या खेळात माझं प्यादं गेलं. शेवटी त्याच्याकडे हत्ती आणि प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. म्हणजे फिलिडॉर नावाचा जुना बचाव. राजा प्याद्यासमोर ठेवायचा, हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेवर धरायचा, त्याच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही. प्यादं त्या रांगेत आलं रे आलं की हत्ती पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. राजाला आडोसाच उरत नाही. पोराने बरीच खटपट केली, मग बरोबरी मान्य केली.

व्हरांड्यात त्याने स्वतःहून विचारलं, ‘काका, प्यादं ढकललंच नसतं तर?’ त्याच्या छोट्या पटावर आम्ही मांडायला घेतलं, तेवढ्यात वडील आले. ‘या वयात कशाला हौस? तुमचं काय जातंय, रेटिंग ह्याचं गेलं.’ आणि दंडाला धरून त्याला घेऊन गेले.

हिशेब त्यांचा बरोबर होता, तेच जास्त लागलं. एका डावात रेटिंग किती हलेल ते के-फॅक्टर नावाच्या आकड्यावर ठरतं: 18 वर्षांखालच्या, 2300 रेटिंगच्या आतल्या मुलांचा 40, माझा 20. त्याचं गेलं त्याच्या निम्मंच मला मिळालं. पण हीच पोरं आम्हाला हरवतात तेव्हा आमचं जातं त्याच्या दुप्पट कमावून जातात. तेव्हा कुणाचे वडील येत नाहीत.

मग का खेळतात? वय झालं की चाली मोजणं मंदावतं, दिवसात दोन राउंड असले की दुसऱ्यात डोकं बधिर होतं, सगळं खरं. पण एंडगेमची, म्हणजे मोजकी मोहरी उरल्यावरच्या खेळाची, जाण सहजी जात नाही, आणि ती वापरायला पट लागतो, सत्काराची शाल नव्हे. जागतिक सीनियर स्पर्धेत 50 आणि 65 वर्षांवरचे वेगळे गट आहेत. ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली स्त्री, नोना गाप्रिंदाश्विली, ऐंशी ओलांडूनही तिथे खेळली. पैशाचं मला विचारू नका, आमची एंट्री फीसुद्धा वसूल होत नाही.

आमचे मेहुणे प्रत्येक लग्नात सचिनचा दाखला देतात, चाळिशीत वानखेडेवर थांबला म्हणून. अहो, संघात अकराच जण असतात, तिथे जागा अडते. तसं बुद्धिबळातही जिथे मोजक्या दहा जणांना बोलावतात किंवा ऑलिंपियाडचा संघ निवडतात, तिथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. 2022 च्या चेन्नई ऑलिंपियाडला आनंद स्वतः न खेळता संघाचा मार्गदर्शक झाला, योग्यच केलं. पण ते त्याचं त्याने ठरवलं, व्हरांड्यात कुणी येऊन सुनावलं नव्हतं.

आणि मेहुणे इथे वाचतात म्हणून विचारतो: तुम्ही रोज पहाटे शिवाजी पार्काला फेऱ्या मारता, त्या काय ऑलिंपिकला निवड व्हावी म्हणून?