मोठ्या फिनटेक (पैशांचे डिजिटल व्यवहार सांभाळणाऱ्या) कंपनीत सॉफ्टवेअरचा जॉब करण्याचे फायदे-तोटे काय? (जळगावहून बंगळुरूला जायची ऑफर आहे)

जा भाऊ, शिकायला अशी जागा नाही. यूपीआय २०१६ ला आलं अन आता आपल्याकडे केळीच्या गाडीवरही क्यूआर लटकलेला असतो, तर एवढा लोड सांभाळणं, पैसे कापले गेले पण पोचले नाही तर हिशोब कसा जुळवायचा, हे काम साध्या सर्व्हिस कंपनीत क्वचितच हाताला लागतं. पगारही बरा.

पण ऑन-कॉल (सिस्टम बिघडली की कधीही लॅपटॉप उघडायची पाळी) लागला की मग खरं कळतं. सणाला अन १ तारखेच्या आसपास व्यवहार वाढतात, म्हणजे इकडे शेतात भरीत पार्टी रंगलीय अन तुम्ही हॉटस्पॉट शोधत बांधावर फिरताय!

ईसॉप्सच्या (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घ्यायचा कर्मचाऱ्याला मिळणारा हक्क) आकड्यावर तर अजिबात भाळू नका. पेटीएमचा शेअर नोव्हेंबर २०२१ मध्ये २१५० ला आला अन पहिल्याच दिवशी साधारण २७ टक्के पडला, वरून ईसॉपवर शेअर घेतानाच टॅक्स लागतो, विकायच्या आधी.

अन आरबीआयची टांगती तलवार असतेच, जानेवारी २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेला नवीन डिपॉझिट घ्यायला बंदीचा आदेश आला तसं एका आदेशात तुमचा प्रॉडक्ट बंद पडू शकतो.

ऑफरमधला फिक्स पगार बघा, ईसॉप शून्य धरा. तरी बंगळुरूचं भाडं देऊन परवडत असेल तर निघा.