'लिहून टाकलं', 'लिहून ठेवलं' आणि 'लिहून बसलो' यांत नेमका फरक काय?

लिहिण्याची क्रिया तिन्हींत तीच आहे, बदलतो तो बोलणाऱ्याचा त्या कामाकडे बघण्याचा सूर. व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात: 'टाकणे', 'ठेवणे', 'बसणे' यांचा मूळ अर्थ इथे जवळजवळ पुसला जातो आणि फक्त छटा उरते.

- पत्र लिहून टाकलं: काम उरकलं, डोक्यावरचं ओझं गेलं.
- पत्र लिहून ठेवलं: पुढे लागेल म्हणून तयार आहे, अजून धाडलेलं नसेल.
- पत्र लिहून बसलो: लिहायला नको होतं, आता पस्तावतोय.

तिसऱ्यात आणखी एक गंमत आहे. 'बसणे' अकर्मक असल्यामुळे क्रियापदाचं रूप पत्राला सोडून कर्त्याप्रमाणे बदलतं: 'मी पत्र लिहून टाकलं', पण 'मी पत्र लिहून बसलो'. चूक ज्याची, रूपही त्याचंच! (चूक आणि रूप यांची ही जुळणी मात्र योगायोग आहे, नियम नव्हे.)

मात्र छटा क्रियापदाला कायमची चिकटलेली नसते. 'ठेवणे' एरवी तरतुदीचं, पण 'हे काय करून ठेवलंस?' यात सरळ तक्रार आहे. 'कागद फाडून टाकला' म्हणजे फाडून फेकला की नुसता फाडून मोकळा झाला, हे मागचंपुढचं वाक्य पाहिल्याशिवाय कळत नाही. शंका आलीच तर दुसरं क्रियापद काढून वाक्य वाचा, 'पत्र लिहिलं'. जे हरवल्यासारखं वाटेल तीच त्याची छटा.