घरातील इंटरनेट : केबल की वाय-फाय?

प्रश्न : आमचे दुमजली घर सिमेंट-काँक्रीटचे आहे. राउटर तळमजल्यावर असून वरच्या खोलीतील संगणकावर व्हिडिओ बैठक चालू असताना आवाज वारंवार तुटतो. महागडा राउटर घ्यावा की केबल टाकावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : एकाच जागी राहणाऱ्या संगणकासाठी केबलच टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लोखंडी सळ्यांच्या स्लॅबमधून जाताना वाय-फायच्या लहरी क्षीण होतात. त्यातही ५ गिगाहर्ट्‌झचा लहरपट्टा (बँड) वेगवान असला तरी भिंतींपलीकडे कमी पोहोचतो, तर दूरवर पोहोचणाऱ्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर शेजाऱ्यांच्या राउटरांची आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची अडचण होते. शिवाय एका चॅनलवरील (पट्ट्याच्या एकाच भागातील) उपकरणांना सहसा आळीपाळीने माहिती पाठवावी लागते, त्यामुळे सरासरी वेग पुरेसा असूनही मध्येच विलंब होतो आणि बैठकीत नेमका तोच जाणवतो.

कॅट ५ई या प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते. घरासाठी तेवढी पुरेशी आहे. मात्र तांब्याचा थर दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल न घेता पूर्ण तांब्याचीच मागावी, आणि ती विजेच्या तारांच्या पाइपातून कृपया कधीही नेऊ नये; त्यात जिवाला धोका आहे.

मोबाइल वाय-फायवरच राहू द्यावेत. केबलच्या वरच्या टोकाला जास्तीचे पोर्ट (केबल जोडण्याच्या जागा) असलेला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वाय-फाय पुरवणारे उपकरण, जोडल्यास संगणकाबरोबर त्यांचीही सोय होईल.