घरात तिघं, कागदावर दोघंच

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्या यजमानांचं माझ्याशी झालेलं हे दुसरं लग्न. थोरल्या पत्नीला मूल झालं नाही, म्हणून त्यांनीच माझ्या वडिलांकडे शब्द टाकला. मी त्यांना आक्का म्हणते. भटजी बोलावून देवळात लग्न लागलं. अठरा वर्षं आम्ही एका चुलीवर आहोत. मुलगी नववीत आहे. जन्मदाखल्यावर आई म्हणून माझं नाव आहे, शाळेत मात्र आक्कांचं लावलंय. यजमान सरकारी कचेरीत कारकून आहेत, दोन वर्षांत निवृत्त होतील. परवा पेन्शनच्या कागदांचा विषय निघाला, तर म्हणाले, "तुझं नाव कुठेच घालता येत नाही." आक्का म्हणतात, मी आहे ना. मग मी या घरात कोण? माझ्या मुलीचं काय?

प्रिय ताई,

आक्का म्हणतात ते मनापासूनच म्हणत असणार. तरीही नुसत्या शब्दावर विसंबून राहू नका. कायदा तुमच्या घरात डोकावतो तेव्हा त्याला नवरा, बायको आणि एक मुलगी दिसते. तुम्ही दिसतच नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण अठरा वर्षं तुम्हाला कुणी स्पष्ट सांगितलं नाही, म्हणून सांगते.

हिंदूंमधल्या दुसऱ्या लग्नाला तेव्हाच्या मुंबई प्रांताने 1946 सालीच बंदी घातली. देशभरासाठीचा हिंदू विवाह कायदा त्यानंतरचा, 1955 चा. पहिली पत्नी हयात आहे, घटस्फोट झालेला नाही, अशा वेळी लागलेलं लग्न मुळातच रद्दबातल. अक्षता पडल्या, आक्कांनी स्वतः तुमची ओटी भरली, तरी फरक पडत नाही, कारण थोरलीची संमती हा अपवाद या कायद्यात नाही. (गोव्यात चालतं, असं कुणी सांगेल. तिथल्या पोर्तुगीजकालीन कायद्यात मूल न झाल्यास तशी एक जुनी तरतूद आहे खरी, पण ती तिथल्या हिंदूंपुरती.) यजमानांच्या बाजूने हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. मात्र त्याची तक्रार सहसा आक्का किंवा त्यांच्या वतीने त्यांच्या माहेरची माणसंच करू शकतात. भावकीतलं कुणी "आत टाकतो" म्हणून धमकावत असेल, तर घाबरू नका.

पेन्शनबद्दल यजमान खरं बोलले. रद्दबातल लग्नातल्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे नवऱ्याच्या मागे घरच्यांना मिळणारी पेन्शन, मिळत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2019 साली सांगितलं. ते आक्कांना मिळेल. त्यातले चार पैसे त्या तुम्हाला देतीलही, पण त्या गेल्या की तेही थांबेल. पोटगीचा रस्ताही अवघड आहे. पहिलं लग्न लपवून फसवलेल्या बाईला सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली पोटगी दिली, तेही महाराष्ट्रातलंच प्रकरण. तुम्हाला मात्र सगळं ठाऊक होतं.

मुलीची गोष्ट वेगळी आहे. लग्न रद्दबातल असलं तरी तिला कायदा औरसच मानतो. बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत ती आक्कांच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित जमिनीत बापाच्या वाट्याला जे येईल त्यातही तिचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली स्पष्ट केलं. कुटुंब निवृत्तिवेतनातही, नियमातल्या वयापर्यंत, तिचा हक्क लागतो. म्हणून निवृत्तीच्या कागदात कुटुंबाचा तपशील भरताना तिचं नाव गाळू देऊ नका. त्यातून दुसरं लग्न उघड झालं तर खातेनिहाय चौकशी लागू शकते, तेव्हा फॉर्म भरण्याआधी नोकरीच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाला विचारा.

आणि म्हणूनच ते शाळेतलं नाव मला फार खटकतंय. दहावीच्या सर्टिफिकेटवर आईचं नाव छापून येतं. तिथे आक्का, जन्मदाखल्यावर तुम्ही, असं झालं की उद्या वारसदाखल्याच्या वेळी पहिला प्रश्न हाच निघेल, ही मुलगी नक्की कुणाची? दहावीचा फॉर्म भरण्याआधी जन्मदाखला लावून मुख्याध्यापकांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, तेव्हा उशीर नको. आक्कांना हे लागेल. त्यांनी तिला मांडीवर वाढवलंय आणि कागदावर तरी ती आपली आहे, एवढंच त्यांच्याकडे आहे. यजमानांकरवी निरोप धाडू नका. दोघीच बसा आणि तुम्हीच सांगा.

तुमच्या नावे काही व्हायचं, तर ते यजमानांनी हयातीतच लिहून द्यायला हवं. "कुठेच घालता येत नाही" म्हणून त्यांनी हात झटकले, याचा मला राग आला. दोन बायकांचं आयुष्य ज्यांनी या अडचणीत घातलं, त्यांनी एवढं तरी करायला हवं. स्वतःचं घर, स्वतःची ठेव, वडिलोपार्जितातला आपला हिस्सा ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. त्यात "माझी पत्नी" एवढंच लिहिलं तर घात होईल, कारण कायद्याने ती आक्का. तुमचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आधार क्रमांक घालून घ्या. घर मुलीचं आणि तुम्ही दोघी हयात असेपर्यंत दोघींचा राहण्याचा हक्क, असं लिहिलं तर कुणी उघड्यावर पडणार नाही. साक्षीदार दोन हवेत, शक्यतो घराबाहेरचे, यजमानांपेक्षा वयाने लहान. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण करा, भावकी आहे म्हणून सांगते. बँकेत नुसतं नॉमिनेशन करून थांबू नका. नॉमिनी पैसे उचलतो, मालक होत नाही.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. जाताना जन्मदाखला, सातबारा आणि घराचा उतारा न्या. आक्कांनाही बरोबर घ्या, त्यांच्या राहण्याचाही निर्णय त्याच कागदावर व्हायचाय.