दाढ काढू का ठेवू?

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी तासगाव तालुक्यातली, वय 34. खालची डावीकडची दाढ तीन महिने झालं ठणकतेय. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं तर म्हणाले काढून टाकू, पैसे लागणार नाहीत. सांगलीत प्रायव्हेटला गेले तर रूट कॅनाल आणि कॅप मिळून 9 हजार सांगितले. मिस्टर दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला जातात, एवढे पैसे एकदम कुठनं आणायचे? सध्या मेडिकलमधनं गोळ्या आणून दिवस ढकलतेय. सासूबाई म्हणतात काढून टाक, मिश्री लाव, बाकीचे दात घट्ट राहतील. काय करू?

उत्तर: ताई, काढायची घाई करू नका. आधी त्या दाढेचा एक्स-रे काढून घ्या, मूळ आणि आजूबाजूचं हाड चांगलं असेल तर ती वाचते. आणि 34 म्हणजे काही दाढा काढायचं वय नाही हो, अजून 30-40 वर्षं भाकरी चावायचीय तुम्हाला. खालची दाढ गेली की तिच्यावरची वरची दाढ हळूहळू खाली उतरायला लागते, शेजारचे दात त्या फटीत कलतात, तुम्ही दुसऱ्याच बाजूनं चावायला लागता आणि मग त्या बाजूचीही वाट लागते. नंतर तिथं दात बसवायचा म्हटलं तर ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या पक्क्या दातासाठी, शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात, आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून बसवलेला दात, तर तुम्हाला सांगितलेल्या 9 हजारांच्या कितीतरी वर जातं.

सरकारी डॉक्टरांनी काढा म्हटलं म्हणून त्यांच्यावर राग धरू नका. दाढेच्या रूट कॅनालला मुळांच्या आतल्या तीन-चार बारीक नळ्या साफ करून भराव्या लागतात, दोन-तीन वेळा बोलवावं लागतं, दर वेळी तासभर खुर्ची अडते, आणि बाहेर ओपीडीची रांग लागलेली. काढायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. म्हणून गरिबाची दाढ निघते आणि पैसेवाल्याची वाचते, हे मी इतकी वर्षं बघतेय आणि मला ते अजून सहन होत नाही. इंटर्नशिपला असताना जतकडची एक बाई आली होती, रुमालाच्या गाठीत पैसे बांधून आणलेले, म्हणाली ही काढली की परत दुखणार नाही ना. मी तोंड बघितलं तर आधीच सात जागा रिकाम्या. प्रत्येक वेळी दुखलं की काढली, दुखलं की काढली, मधी कुणी थांबवलंच नव्हतं तिला.

आता पैशाचं. प्रायव्हेट आणि सरकारी सोडून तिसरा रस्ता आहे तो म्हणजे डेंटल कॉलेज. सांगलीत दोन आहेत, एक वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं आणि दुसरं कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज, तुम्हाला तासगाव रोडनं कवलापूर जवळ पडेल. दोन्ही खाजगीच आहेत बरं का, सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर, संभाजीनगरला, आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूरच्या वाट्याला एकही आलं नाही. पण कॉलेजात मुलांना शिकायला पेशंट लागतात म्हणून दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात. शिकाऊ पोरं हात लावणार म्हणून घाबरू नका, अवघड दाढेचं काम बहुतेक वेळा एमडीएस, म्हणजे दातांची पुढची पदवी करणाऱ्यांकडं जातं, ते आधीच बीडीएस ही पहिली पदवी घेऊन दातांचे डॉक्टर झालेले असतात आणि मागं सर-मॅडम उभे असतात. फक्त वेळ जातो, चार-पाच खेपा होतील, सकाळी लवकर जावं लागेल, त्या दिवसाची हजेरी बुडेल, ते धरून हिशोब करा. पहिल्याच दिवशी विचारा की कॅपसकट सगळे मिळून किती. आणि मागची दाढ आहे, कुणाला दिसत नाही, तिथं धातूची कॅप घ्या, सिरॅमिकपेक्षा स्वस्त पडते, दात कमी घासावा लागतो आणि टिकते पण जास्त. रूट कॅनाल करून कॅप राहू दे नंतर बघू असं मात्र करू नका, दाढ ठिसूळ झालेली असते, एक दिवस खडा लागून उभी चिरते आणि सगळे पैसे पाण्यात.

सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होईल का असं खूपजण विचारतात. 5 लाखांपर्यंतचं कव्हर आहे खरं पण ते तोंडाचा कॅन्सर, जबड्याचं फ्रॅक्चर असल्या मोठ्या ऑपरेशनला, रूट कॅनाल आणि कॅप त्यात बसत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झालेत, पण सांगलीचं सिव्हिल मिरजेच्या मेडिकल कॉलेजकडं येतं, तिथं सरकारी दरानं थोडेफार पैसे भरावे लागतात.

गोळ्या थांबवा. अँटिबायोटिकनं सूज उतरते पण आतली कीड तिथंच राहते, आणि रोजच्या पेनकिलरनं पोट आणि किडनी दोन्ही बिघडतात. जबड्याखाली सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा घोट गिळता येईना तर पैशाचा विचार न करता त्याच दिवशी, रात्र असली तरी, सांगली नाहीतर मिरजेचं सिव्हिल गाठा. हे जिवावर बेततं.

आणि कॉलेजात जाताना सासूबाईंना बरोबर घेऊन जा. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच, तिनं दुखणं जरा बधिर होतं म्हणून बरं वाटतं, हिरड्या मात्र खाली सरकत जातात आणि दात हलायला लागतात. त्यांच्या गालाच्या आत, ओठाच्या मागं पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का तेवढं बघायला सांगा. त्यांचे दात पडलेले असतील तर कवळीचंही तिथंच विचारून या.

प्रश्न: मुलगा 7 वर्षांचा, सगळ्यात मागची दाढ किडलीय. दुधाची आहे, पडणारच, भरायची कशाला? – एक पालक, पलूस

उत्तर: ती बहुतेक दुधाची नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागं पक्की दाढ येते, तिच्यासाठी कुठला दात पडत नाही म्हणून घरात कुणाला कळतच नाही, आणि ती गेली की दुसरी येत नाही. आत्ता सिमेंट भरून काम होईल, सहा महिन्यांनी होणार नाही. शाळेत आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची, टीम तपासायला येते त्यांना दाखवा, ते पुढं चिठ्ठी देतात, पण टीमची वाट बघत बसू नका. याच आठवड्यात घेऊन जा.