कलम दोन परत लिही: तोंड झाकण्याच्या कायद्याबद्दल

प्रिय मुली,

युवा संसदेसाठी केलेला तुझ्या विधेयकाचा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण कलम दोनमध्ये तू लिहिलंयस की सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकणारी व्यक्ती शिक्षेस पात्र राहील, आणि उद्देशात म्हटलंयस की आपल्याकडे असा कायदाच नाही. दोन्हीवर बोलायचंय, जरा लांब होईल पण शांतपणे वाच.

आधी कायदा नाही हे काढून टाक. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ उघड, म्हणजे जुना मुंबई पोलीस कायदा, त्याचं कलम १२२ बघ. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात जो कोणी गुन्हा करण्याच्या इराद्याने तोंड झाकून किंवा वेष बदलून सापडेल तो शिक्षेला पात्र आहे. त्याच कलमात रात्री घरफोडीचं साहित्य जवळ बाळगणारा येतो आणि दुसऱ्याच्या घरात का आलोय हे धड सांगता न येणाराही येतो. उद्या तालुक्याच्या कोर्टात बसलीस तर हे कलम इतक्या वेळा दिसेल की पाठ होईल, फिर्यादीत ठरलेलं वाक्य असतं, आपले अस्तित्व लपवून संशयितरीत्या मिळून आला.

आता यात बघ, तोंड झाकलं एवढ्यावर कलम थांबत नाही, इरादा हवा. आणि तो सरकार पक्षाने सिद्ध करायचा, आरोपीने नाही. रात्री दोनला बंद दुकानापाशी रुमाल बांधलेला पोरगा उभा दिसला, बरं, मग पुढे काय? खिशात कटावणी होती का, शटरवर ताज्या खुणा आहेत का, नंबरप्लेटला चिखल फासला होता का, पंचनाम्यात यातलं काय आलंय? काहीच नसेल आणि नुसता रुमाल असेल तर तो थंडीत घरी चाललेला हॉटेलचा वेटरही असू शकतो. अशी पोरं मी पाहिलीयेत गं, जामीनदार मिळेना म्हणून आत बसलेली, म्हणून हे इतकं ताणून सांगतोय.

या कलमाचं घराणं जुनं आहे. इंग्लंडमध्ये १७२३ साली ब्लॅक अ‍ॅक्ट आला, वॉल्थम गावाकडची माणसं चेहऱ्याला काळं फासून जमीनदारांच्या राखीव रानातली हरणं मारायची, त्यांच्यासाठी. हत्यार घेऊन आणि चेहरा काळा करून रानात नुसतं दिसलं तरी फाशी, हरणाला हात लावलेला असो नसो! हा कायदा मोडीत निघायला १८२३ उजाडलं. पुढे १८६१ च्या चोरीविषयक कायद्यात रात्री चेहरा काळा करून किंवा वेष बदलून फिरण्याचा गुन्हा राहिला, पण त्याला गंभीर गुन्ह्याच्या इराद्याची अट होती. आपलं १२२ या दुसऱ्या प्रकारात बसतं. तुझं कलम दोन मात्र १७२३ च्याही मागे गेलंय, कारण त्यांना निदान हत्यार तरी लागत होतं.

अमेरिकेचं उदाहरण तू एका ओळीत उरकलंयस, ते नीट घे कारण न्यूयॉर्कमध्ये सगळंच सापडतं. १८४० च्या आसपास हडसन नदीच्या खोऱ्यात व्हॅन रेन्सेलेर वगैरे बड्या जमीनदारांची कुळं होती, खंडात गहू द्यायचा, कोंबड्या द्यायच्या, वर गाडीजोडीसह एक दिवस वेठ. कुळांनी बंड केलं. शेरीफची, म्हणजे तिथल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कायदा-अंमलबजावणी अधिकाऱ्याची माणसं जप्तीला आली की छापील कापडाचे झगे आणि मेंढीच्या कातड्याचे मुखवटे घालून, पत्र्याचे भोंगे वाजवत शेतकरी जमायचे. त्यांना मोडायला जानेवारी १८४५ मध्ये मुखवटाबंदी आली, आणि त्याच ऑगस्टमध्ये डेलावेअर काउंटीत अँडीज गावी जप्तीच्या लिलावात ऑस्मन स्टील नावाचा अंडरशेरीफ गोळीने मेला. म्हणजे हिंसा खोटी नव्हती, आणि कुळांची तक्रारही खोटी नव्हती. हे दोन्ही तुझ्या भाषणात आलं पाहिजे, एकच बाजू घेऊन उभी राहू नकोस.

नंतर तो कायदा दीडशेहून जास्त वर्षं राहिला. मुखवटा घातलेले दोघं-चौघं एकत्र जमले की झालं, दुसरा कुठला गुन्हा लागतच नव्हता. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेला १९९९ मध्ये मॅनहॅटनमध्ये मुखवट्यासकट सभा घ्यायची होती, त्यांना हाच आडवा आला आणि २००४ मध्ये फेडरल अपील कोर्टाने कायदा कायम ठेवला. इथपर्यंत वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण २०११ मध्ये वॉल स्ट्रीटजवळ आर्थिक विषमतेविरुद्ध आंदोलनाला बसलेल्यांवरही तोच चालवला गेला. शेवटी कोरोनात सरकारच म्हणायला लागलं की मास्क घाला, तेव्हा २०२० मध्ये रद्द केला. मग २०२४ ला न्यूयॉर्क राज्यातल्याच, शहराला लागून असलेल्या नासाऊ काउंटीने स्वतःचा आणला, ओळख लपवायला चेहरा झाकला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार डॉलर दंड, आरोग्य आणि धर्माची सूट ठेवून. न्यूयॉर्क राज्याने २०२५ मध्ये वेगळी वाट धरली, आधी ठराविक गंभीरतेचा गुन्हा हवा, तो करताना किंवा करून पळताना ओळख लपवली तर तो आणखी एक वेगळा गुन्हा. मला हीच वाट पटते.

फ्लोरिडात तर सरळ आहे, मुखवटा घालून गुन्हा केला की तो एक पायरी वर चढतो. कॅनडात गंभीर गुन्ह्याच्या इराद्याने वेष बदलला तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि २०१३ पासून दंगलीत तोंड झाकून भाग घेणाराही त्यात आला, २०११ च्या व्हँकुव्हरच्या हॉकी दंगलीनंतरची ही गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या कलमात तर नकली मिशा-कल्लेसुद्धा लिहिलेत.

आपल्या भारतीय न्याय संहितेत मुखवट्यासाठी अशी सरसकट वाढीव शिक्षा नाही, ती मागणं मला रास्त वाटतं, आणि तुझं विधेयक याच जागेवर उभं राहू शकतं. ज्या बाईच्या घरात तोंड बांधलेली माणसं घुसली ती वर्षभर प्रत्येक रुमालवाल्याला घाबरते. पुराव्याचंही बघ. जेलमध्ये तहसीलदार ओळखपरेड घेतात, साक्षीदार बोट दाखवतो, आणि उलटतपासात पहिलाच प्रश्न येतो की तोंड बांधलं होतं म्हणता मग ओळखलं कसं? मग सगळी भिस्त जप्त मालावर, मोबाईलच्या लोकेशनवर, सीसीटीव्हीतल्या चालण्यावर आणि कपड्यांवर. पोलीस स्वतः आरोपीला बुरखा घालून कोर्टात आणतात तेही यासाठीच, परेडच्या आधी साक्षीदाराने त्याला टीव्हीवर पाहिलं तर परेडला काही अर्थ राहत नाही.

पण हे सगळं गुन्हा झाल्यावरचं. पुण्यात दुपारी सिग्नलला उभी राहा, निम्म्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळून गाडीवर असतात, ऊन, धूळ, आणि कधी कधी कुणी ओळखू नये म्हणूनही, आणि कुणी ओळखू नये असं वाटणं हा त्यांचा हक्क आहे. तुझ्या कलम दोनने त्या सगळ्या आरोपी होतात आणि कुणाला धरायचं हे चौकातला हवालदार ठरवणार. कुणाला धरलं जाईल ते तुलाही माहितीये.

तर असं कर. कलम दोनमध्ये मूळ गुन्ह्यांची यादी घाल, जबरी चोरी, दरोडा, घरफोडी, ॲसिड हल्ला, दंगल, आणि म्हण की यातला गुन्हा करताना किंवा करून पळताना ओळख लपवण्यासाठी चेहरा झाकला असेल तर शिक्षा किती वाढेल. झाकण्यामागचा हेतू सिद्ध करायची जबाबदारी स्पष्टपणे सरकार पक्षावर टाक, हेल्मेटवाला चोर निघाला तर काय हा प्रश्न तुला विचारणारच, त्याचं उत्तर या हेतूतच आहे. आणि दंगलीची भीती असताना चेहरा उघडा करायला लावायचा अधिकार द्यायचाच असेल तर ब्रिटनच्या १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्टमधलं कलम ६० एए वाच, तिथे किमान इन्स्पेक्टर दर्जाच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो, ठराविक भागापुरता आणि चोवीस तासांच्या आत. तो तुकडा कलम तीनमध्ये बसव आणि दोन्ही कलमं रविवारपर्यंत मला पाठव, रात्री उशीर झाला तरी चालेल.