सिगारेट सोडायला निकोटीन पाऊच वापरावेत का? त्यात तंबाखू नसतो म्हणतात.

पाऊच म्हणजे ओठाखाली ठेवायची इवलीशी पुडी. तिच्यात तंबाखूचं पान नसतं, बरोबर. पण निकोटीन असतं, आणि ते बहुतेक वेळा तंबाखूतूनच काढलेलं असतं. बाकी वनस्पतींचे तंतू, गोडवा, पुदिन्याबिदिन्याचा स्वाद, आणि लाळ अल्कधर्मी करणारा एखादा क्षार. त्यामुळे निकोटीन हिरडीतून भराभर रक्तात जातं. धूर नाही म्हणजे डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. फुप्फुसांपुरतं बोलायचं तर सिगारेटपेक्षा खूपच बरं.

मी बारा वर्षं सिगारेट ओढली आणि पाऊचवर आल्यावर आठवड्यात सुटली. स्वतःचं फार कौतुक वाटलं. दादा म्हणाला, "सोडली नाहीस, जागा बदललीस." त्याने स्वतः एका रात्रीत सोडलेली, त्यामुळे या विषयावर बोलायचा मक्ता त्याचाच. महिनाभर मी त्याच्याशी धड बोललो नाही.

सिगारेटसाठी निदान उठावं तरी लागायचं. बाहेर जा, पेटवा, पाच मिनिटांत खेळ खलास. पाऊचला ऊठबस नाही. वरच्या ओठाखाली सरकवला की मीटिंगमध्ये चालतो, गाडी चालवताना चालतो, आईशी फोनवर बोलताना चालतो. हे इतके खपतात त्याचं कारण माझ्या मते एवढंच: कोणाला पत्ता लागत नाही. डबीच्या झाकणात वापरलेले पाऊच ठेवायला छोटा कप्पा असतो, माझा तो दुपारीच भरायचा. तीन मिलिग्रॅमवरून सहावर गेलो, पहिल्या दिवशी अर्धा तास उचक्या लागल्या, तरी थांबलो नाही. मग एका पहाटे जाग आली तर पाऊच तोंडातच. आरशापुढे ओठ उचलून पाहिलं, हिरडीवर पांढरट, सुरकुतलेला चट्टा, अगदी पाऊचच्या मापाचा. दातांच्या डॉक्टर बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "रोज एकाच जागी ठेवता ना?"

जागा! नेमका तोच शब्द.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, जानेवारी 2025 मध्ये झिन या ब्रँडच्या 20 प्रकारच्या पाऊचना विक्रीची परवानगी दिली, हे लोक लगेच तोंडावर फेकतात. परवानगी म्हणजे सुरक्षित असल्याचा दाखला नव्हे, हे एफडीएनेच तेव्हा सांगितलं होतं. बेल्जियमने तर 2023 मध्येच विक्रीवर बंदी घातली.

तुम्ही ओढत असाल तर घ्या, पण बंद करायची तारीख आधी ठरवा. त्यापेक्षा निकोटीनचं च्युइंगगम किंवा कातडीवर चिकटवायची पट्टी बरी. ती सोडण्यासाठीच बनवलेली आहेत, डोस कमी करत नेण्याचा क्रमही ठरलेला असतो. कधी ओढलीच नसेल आणि मित्र लावतात म्हणून विचारत असाल, तर हा शुद्ध मूर्खपणा आहे. आणि ज्यांना वाटतं की इच्छाशक्ती असली की झालं, त्यांनी आपली एक रात्र सगळ्यांच्या गळ्यात मारू नये. कोणाची एका रात्रीत सुटते, कोणाची दोन वर्षांत.

हो, हृदयाचा त्रास असेल किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको. घरात लहान मूल असेल तर डबी कुलपात ठेवा, वापरलेल्या पाऊचमध्येही निकोटीन उरतं.

माझे पाऊच सुटून आठ महिने झाले. दादाला अजून सांगितलेलं नाही.